अंबादास मास्तरांची शिडी

कुणी माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागलं की माझ्या कानात अजून अंबादासरावांचा आवाज येतो, "कितवी पायरी, नारायणराव?" मग समोरच्याचं बोलणं मला धड ऐकू येत नाही, मी त्याच्या तोंडाकडं बघत मनात पायऱ्या मोजत बसतो. या खोडीपायी दोन-चार माणसं दुखावली आहेत. जावई तर एकदा भरल्या ताटावरून उठायला निघाले होते. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि माझं आता मरायचंच तेवढं राहिलंय.

निजामाच्या अमदानीत आम्ही दोघं बीडला एका शाळेत मास्तर होतो. शाळा उर्दू. मी हिशेब शिकवायचो. पोरं पाढे घरी मराठीत पाठ करायची, वर्गात उर्दूत म्हणायची आणि अडलं की बाकाखाली पुन्हा मराठीत बोटं मोजायची. अंबादासराव इंग्रजीचे मास्तर. आमच्या भागात इंग्रजी वाचता-लिहिता येणारं माणूस म्हणजे तेच. ते मूळचे अंबाजोगाईचे. सरकारी कागदात त्या गावाला मोमिनाबाद म्हणायचे, पण अंबादासरावांच्या तोंडून ते नाव मी एकदाही ऐकलं नाही. कागदावर लिहायची वेळ आली तर लिहायचे, आणि लगेच पेन पुसून ठेवायचे.

अंगानं उंच, मानेपाशी थोडे वाकलेले. डोक्याचा रुमाल कायम एका कानावर घसरलेला. शेरवानीच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात लाल कापडी बांधणीची वही. बोलण्याआधी दोनदा खाकरायचे. पोरं ते खाकरणं हुबेहूब काढायची, आणि ते वर्गात शिरताना कुणी तसं खाकरलं तर मास्तर म्हणायचे, "छान. आता पुढचं वाक्य पण तूच बोल."

त्या लाल वहीत डाव्या पानावर इंग्रजीतले वाक्प्रचार असायचे, उजव्या पानावर त्यांचा मराठी जोडीदार. पण सगळे एकाच जातीचे. एका माणसानं दुसऱ्याकडून काहीतरी करून घ्यायचं, त्याला गळ घालायची, भरीस पाडायचं, हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, नाहीतर सरळ मानगूट धरायची. बाकी काही नाही. मी एकदा विचारलं, "एवढी मोठी भाषा, तिच्यातनं तुम्ही हेच कसं वेचलंत?"

"नारायणराव," ते म्हणाले, "साहेबाच्या भाषेतली फुलांची नावं मला कशाला? मोठ्या माणसाशी आपल्याला काम पडणार ते एकाच बाबतीत. तो आपल्याकडून काय करून घेणार आणि कसं. ते जरा आधी कळलेलं बरं."

दरवर्षी वरच्या वर्गात शिडीचा धडा व्हायचा. कुठल्याही पुस्तकात तो नव्हता. मी माझा वर्ग गणितं घालून बसवायचो आणि दारातून ऐकायचो. मास्तर फळ्यावर शिडी काढायचे, सात पायऱ्यांची. पहिली मधाची. इंग्रज म्हणतो, आंबट सिरक्यापेक्षा मधावर माश्या जास्त बसतात. दुसरी लोण्याची, माणसाला लोणी लावायचं. तिसरी गाजराची, म्हणजे काठीला गाजर बांधून गाढवाच्या नाकापुढं धरायचं आणि ते खायच्या आशेनं गाढव चालत राहतं. तिसरीवर मास्तर आडवी जाड रेघ मारायचे. "इथपर्यंत विनवणी. इथून पुढं जबरी. अब्रूदार माणसानं या रेघेच्या वर चढू नये." रेघेवर चौथी पायरी, नाकाला धरून नेण्याची, पाचवी, पेच आवळण्याची. पूर्वी त्यांच्याकडं अंगठ्यावर लोखंडी पेच आवळत, आता बिनलोखंडी आवळतात, असं मास्तर सांगायचे. सहावी, पाठ भिंतीला लावण्याची. आणि सातवी म्हणजे कपाळाला पिस्तूल.

एका वर्षी उमापूरकडचं एक पोरगं उभं राहिलं. "मास्तर, आमच्या गावात दौरा आला का एकदम सातवीच अस्ती. खालच्या पायऱ्या कुटं गेल्या?"

वर्ग खो खो हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खडू खिशात टाकला आणि त्या पोराला म्हणाले, "बस. बरोबर विचारलंस." त्या दिवशी फळा त्यांनी स्वतः पुसला.

गंमत अशी की माणूस वळवायची सगळी विद्या वहीत बाळगणाऱ्या या गृहस्थाला स्वतःला कुणालाही वळवता येत नसे. न्हाव्याला 'मिशा बारीक करू नको' एवढं सांगणं त्यांना कधी जमलं नाही. दर पंधरा दिवसांनी अर्ध्या मिशा घेऊन शाळेत यायचे. आठवडी बाजारात भेंडी आणायला गेले तर तिसऱ्या दिवशीची निबर भेंडी घेऊन यायचे, कारण बाईनं 'मास्तर, तुमच्यासाठी ठिवली' म्हटलेलं असायचं. त्यांच्या पत्नी उमाबाई भाजी मलाच आणायला सांगायच्या. म्हणायच्या, "भावजी, ह्यांना लोणी ओळखू येतं, पण नको म्हणता येत नाही."

शाळेचा चपराशी शेखलाल हे पक्कं ओळखून होता. "मास्तर, तुमच्यावानी दिलदार मानूस अख्ख्या बीडात न्हाई," अशी सुरुवात केली की मास्तर म्हणायचे, "दुसरी पायरी. किती दिवस जायचंय?" मग शेखलाल सासुरवाडीला जायचा आणि तेवढे दिवस शाळेची घंटा मास्तर द्यायचे. मी चिडवलं की म्हणायचे, "त्यानं रेघ ओलांडली का? नाही ना? मग झालं."

पुढं जे झालं ते त्या रेघेपायीच झालं.

उन्हाळ्याची सुट्टी संपवून अंबादासराव अंबाजोगाईहून बीडला येत होते. मांजरसुंब्याच्या अलीकडं एका निंबाखाली दौऱ्याचं सामान थांबलं होतं. कुठल्या खात्याचे साहेब, ते आता सांगून उपयोग नाही. त्या काळी साहेबांचा दौरा निघाला की गावोगावच्या गाड्या धरायच्या, बैलांसकट आणि गाडीवानासकट. भाडं नाही, आणि भाकर ज्याची त्यानं घरची आणायची. याला बेगार म्हणत. वरून बंदीचे कागद निघायचे असं ऐकत होतो, पण कागद वरच राहायचा आणि गाड्या खाली धरल्या जायच्या.

त्या निंबाखाली टाकळीचा किसन म्हणून एक कुणबी गाडीवान पडला होता. तीन दिवस अंगात ताप, आणि तो तसाच गाडी हाकत आला होता. दोनदा खाली बसला, तर बरोबरच्या चपराशानं कोरड्याचे, म्हणजे चाबकाचे, फटके देऊन उठवला. तिसऱ्यांदा बसला तो उठला नाही. अंबादासराव आपली गाडी थांबवून उतरले, आपल्या तांब्यातलं पाणी त्याच्या तोंडात घातलं. किसन म्हणाला, "मास्तर, बैलं तेवढी घराकडं लावा." एवढंच बोलला आणि गेला. मास्तर त्या दिवसांत सारखे सांगायचे, की त्याला आपण मास्तर आहोत हे कसं कळलं कोण जाणे.

दौऱ्याला खोळंबा चालणार नव्हता. किसनच्या गाडीवर दुसरा माणूस बसवला आणि गाडी पुढं गेली, बैलंही गेली. प्रेत टाकळीला पोचवलं. गावच्या कागदात नोंद झाली, की किसन घरी पटकीनं वारला.

आठ-दहा दिवसांनी किसनची बायको गजराबाई शाळेच्या पायरीवर येऊन बसली. बरोबर तिचा दीर ज्ञानोबा. तो पटका हातात धरून उभा होता. गजराबाई म्हणाली, "मास्तर, माझा मानूस घरी मेला न्हाई. तुमी व्हतात तितं. तेवढं लिवा. आन् आमची बैलं मागा. दुसरं काई मागनं न्हाई."

"लिहितो," अंबादासराव म्हणाले. खाकरलेसुद्धा नाहीत.

त्यांनी अर्जी इंग्रजीत लिहिली. उर्दूत लिहिली तर पहिल्याच टेबलावर कुणीतरी वाचील आणि दाबून ठेवील, इंग्रजी कागद कुणाला वाचता येणार नाही, म्हणून तो भीतीनंच वर सरकत राहील आणि हैदराबादला पोचेल, असा त्यांचा हिशेब. हिशेबाचा मास्तर मी, पण मलाही तो पटला. मला त्यांनी ती मराठीत सांगितली. कुठं कडू शब्द नव्हता, विनंती आणि प्रार्थना, प्रार्थना आणि विनंती. खाली गजराबाईचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून यांची सही. "सगळी मधाची आहे," म्हणाले.

अर्जी खरंच हैदराबादला पोचली. आणि परत आली. पावसाळा अर्धा सरला होता तेव्हा एक जाड लिफाफा शाळेत आला. आत तीच अर्जी. पाठीमागं शिक्केच शिक्के. प्रत्येक टेबलानं एक ओळ लिहिली होती, 'खाली रवाना व्हावी.' खाली येत येत ती ज्या साहेबांबद्दल होती त्यांच्याच कचेरीत आली होती, अहवाल द्यावा म्हणून. तिथं इंग्रजी कुणाला येईना. म्हणून त्यांनी ती इंग्रजी जाणणाऱ्या मास्तरांकडं धाडली होती, की याचा उर्दू तर्जुमा करून साहेबांपुढं ठेवावा.

मी मास्तरांच्या ओट्यावर पोट धरून हसलो. आत उमाबाई हसल्या. अंबादासरावही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग आत जाऊन दौत घेऊन बसले. मी म्हटलं, "आता तुमच्याच हातात आहे. कोरड्याचा उल्लेख गाळा, दोन शब्द मऊ करा."

"तर्जुमा आहे, नारायणराव," ते म्हणाले. त्यांनी कोरडा तसाच ठेवला. कोरड्याला उर्दूत योग्य शब्द कोणता, एवढं मात्र शाळेतल्या मौलवीसाहेबांना विचारून आले.

दुसऱ्या आठवड्यापासून शिडी सुरू झाली. साहेबांकडून सरबताला बोलावणं आलं. संध्याकाळी मास्तर माझ्याकडं आले आणि एक बोट वर केलं. चार दिवसांनी दोन बोटं. "आज लोणी होतं. गावरान. माझ्यासारखा इंग्रजीदान सबंध सुभ्यात नाही म्हणे." मग तीन बोटं. औरंगाबादेकडं मोठ्या शाळेत जागा रिकामी होती, पगार दीडपट, फक्त एक कागद लिहून द्यायचा. किसन नावाचा माणूस मी पाहिला नाही, अर्जी गैरसमजातून लिहिली गेली. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मास्तर खुशीत होते. आयुष्यभर वहीत लिहिलेलं कुणीतरी त्यांच्यापुढं एकेक करून मांडत होतं, आणि त्यांना ते सगळं आधीच ठाऊक होतं.

मग रेघ आली. अंबाजोगाईहून त्यांचे थोरले बंधू आले, वडिलांच्या जागी असलेले. त्यांना कुणीतरी निरोप धाडला होता. दोन दिवस राहिले, देवाशपथा घातल्या, न जेवता परत गेले. चार बोटं. पुढं दोन महिने पगार आला नाही. पाच. घरमालकानं, जो मास्तरांना 'गुरुजी' म्हणायचा, खोली रिकामी करायला सांगितली. मास्तरांनी सहा बोटं दाखवली तेव्हा उमाबाई एका गोठ्याशेजारच्या खोलीत चूल मांडत होत्या. त्यांनी नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही. मला मात्र हळूच विचारलं, "भावजी, सातवीला खरंच पिस्तूल असतं का हो?"

आणि मधेच कधीतरी मला सदर मुदर्रिस साहेबांनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, बोलावलं. भला माणूस होता, त्याच्यावरही वरून दाब असणार. म्हणाले, "नारायणराव, आप समझाओ उनको. आपकी सुनते हैं." मी मान हलवली. मग पुढचा कागद चाळत ते म्हणाले, "आपकी जगह तो अभी कच्ची है ना?"

मी गेलो. हे लिहिताना अजून लाज वाटते, पण गेलो. मास्तर गोठ्यापुढच्या दगडावर बसून रुमाल गुंडाळत होते. मी अर्धा तास बोललो. मेलेला माणूस परत येणार आहे का, बैलं काय आज ना उद्या मिळतील, उमावहिनींकडं बघा. एकाहून एक सरस मुद्दे होते. त्यांनी सगळं ऐकलं, रुमाल डोक्यावर ठेवला, तो एका कानावर घसरला.

"नारायणराव," त्यांनी विचारलं, "तुम्ही कितवी पायरी?"

त्यांनी आतून भाजलेल्या शेंगा मागवल्या, मला खायला लावल्या आणि पोरांच्या परीक्षेविषयी बोलत बसले. माझ्या कच्च्या जागेचं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना बहुतेक माहीत होतं.

सातवी पायरी काही आली नाही. पिस्तुलाची वाट बघत मास्तर बसले होते, आणि आली गजराबाई.

रब्बीच्या पेरण्यांचे दिवस अर्धे सरले होते. ती एकटीच मास्तरांच्या गोठ्याकडच्या खोलीवर आली, पोर काखेत. या वेळी पायरीवर बसली नाही, सरळ मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं. मी तिथंच होतो.

"मास्तर, तेवढं लिवून द्या," ती म्हणाली. "तुमी काई बघितलं न्हाई म्हनून लिवून द्या."

मास्तर मागं सरकले. "बाई, तुला कुणी दम दिला?"

"न्हाई."

"मारलं कुणी? ज्ञानोबाला हात लावला?"

"कुनीच काई केलं न्हाई ओ. कुनी बोललं बी न्हाई." ती उठून बसली. "रोज दिस उगवायला शिपाई येतो. म्हनतो, ज्ञानोबा, चावडीत चल, साहेब इचारनारेत. त्यो जातो. चावडीच्या म्होरं बसतो. दिसभर बसतो. कुनी इचारत न्हाई, कुनी जा म्हनत न्हाई. दिस मावळला का शिपाई म्हनतो, आता सकाळी ये. आज बावीस दिस झाले. समद्यांची रानं पेरून झाली. आमचं तसंच हाय. भावकीतली बैलं उसनी मिळत व्हती, आता कुनी देईना. म्हनत्यात, मास्तरचं नाव कागदावर हाय तवर तुमच्या वाऱ्याला नगं. लई इनवनी हाय, मास्तर. माझा धनी घरीच मेला. पटकीनं मेला. मीच सांगते."

मास्तर तिच्यासमोर खाली बसले. मग विचारलं, "आणि तो 'बैलं घराकडं लावा' म्हणाला ते?"

"न्हाई म्हनला," गजराबाई म्हणाली, आणि रडायला लागली. पोरही रडायला लागलं.

तिला वाटेला लावून मास्तर घरात आले. वही काढली, पानं मागंपुढं केली. बराच वेळ. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नाही. मराठीत तरी काय म्हणतात हो?"

मी म्हटलं, "नाक दाबलं की तोंड उघडतं."

"नाक माझं नव्हतं दाबलं," ते म्हणाले.

त्या रात्री त्यांनी कागद लिहिला. सुंदर वळणदार उर्दूत. किसन नावाचा इसम मी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तो स्वतः कचेरीत देऊन आले आणि पहिल्या तासाला मुलांना शब्दांचं स्पेलिंग घातलं. मी दारातून पाहिलं तर ते फळ्याकडं तोंड करून उभे होते आणि मुलं स्पेलिंग संपवून वाट बघत होती.

ज्ञानोबाला त्याच दिवशी सोडलं. त्याला कुणी 'सोडलं' असंही म्हटलं नाही म्हणे. शिपाई आला नाही, एवढंच. तोवर पेरणीची वेळ निघून गेली होती. दोन बैलांपैकी एक महिन्याभरानं परत आला, खांद्याला फोड आलेला. दुसऱ्याचं काय झालं हे गजराबाईनं विचारलं नाही आणि मास्तरांनीही नाही. किसननं मरताना एवढी एकच गोष्ट सांगितली होती, आणि तीही निम्मीच झाली. मास्तर हे मला एकदाच बोलले. नंतर किसनचं नाव त्यांनी घेतलं नाही, घ्यायचंही नव्हतं, तसं लिहूनच दिलं होतं.

आणि मग गाजर आलं. खरोखरचं. दीडपट पगाराच्या बदलीचा हुकूम आला. मास्तरांना नको होती ती जागा. ते सदर मुदर्रिसांकडं गेले, पहिल्यांदा आणि शेवटचं स्वतःसाठी काही मागायला कुणाकडं तरी गेले. हेडमास्तर म्हणाले, "मास्टरसाब, ले लीजिए. आप नहीं लेंगे तो वो समझेंगे आप अब तक नाराज हैं. फिर किसीको बिठाएंगे." मास्तरांनी हुकूम घडी करून लाल वहीत ठेवला. घरी येताना मला म्हणाले, "उलटे उतरतायत. उतरताना बघायचं मला सुचलंच नव्हतं."

शिडीचा धडा त्या वर्षी झाला नाही. उमापूरच्या त्या पोरानं विचारलंसुद्धा. मास्तर म्हणाले, "तुला येतो तो."

निघायच्या सकाळी मी त्यांना पोचवायला गेलो. उमाबाई आधीच माहेरी गेल्या होत्या, तिथून पुढं जाणार होत्या. गोठ्याच्या दारात गाडी उभी. मास्तरांची एक पेटी, एक वळकटी आणि दौत गुंडाळलेलं फडकं, एवढंच सामान चढलं होतं. गाडीशेजारी कचेरीचा एक शिपाई, आणि जुवावर हात ठेवून एक म्हातारा गाडीवान.

"गाडी कुणी ठरवली?" मास्तरांनी विचारलं.

"सरकारी बदली हाय ना मास्तर," शिपाई म्हणाला. "धरून आनली."

मास्तर गाडीवानाकडं वळले. खाकरले, दोनदा. "बाबा, कुठलं गाव तुमचं? बैलं छान राखलीत हो." गाडीवानानं बैलाची वेसण नीट केली. "ही जोडी गावात उठून दिसत असेल." गाडीवानानं नुसती मान खाली घातली. मग मास्तरांनी खिशातून तीन रुपये काढून त्याच्यापुढं धरले. "हे भाडं. येताना घरी काही घेऊन जा."

म्हातारा एक पाऊल मागं सरला. "नगं मास्तर. मला कावून गोत्यात आनता?"

"अहो, तुमच्या कष्टाचे आहेत."

"नगं. मी मागितले न्हाईत. ह्यो शिपाई बगतो. मी आपला पोचवतो तुमाला, चला."

बराच वेळ असं चाललं. मास्तर विनवत होते आणि म्हातारा हात जोडत होता. बैलं माना हलवत होती. ऊन वर येत होतं. शेवटी मास्तरांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. मान ताठ झाली. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"घे," ते म्हणाले. "नाही घेतलेस तर तुझं नाव साहेबांना सांगीन."

म्हाताऱ्यानं लगेच दोन्ही हात पुढं केले. रुपये घेतले, कपाळाला लावले, कमरेला खोचले. मास्तर आपल्या रिकाम्या हाताकडं बघत उभे राहिले. मला वाटलं ते माझ्याकडं बघतील, पायरीचा आकडा सांगतील. त्यांनी बघितलं नाही. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी पेटी उगीचच सरकवून नीट ठेवली.

ते गाडीत बसले नाहीत. 'चालतो थोडं' म्हणाले आणि गाडीच्या पुढं चालायला लागले, लांब लांब टांगा टाकत, रुमाल एका कानावर. मी नदीच्या उतारापर्यंत गेलो आणि थांबलो. मास्तर पाण्यातून पलीकडं निघालेसुद्धा. गाडी मागं राहिली होती. उतारावर शिपायानं गाडी थांबवली आणि म्हाताऱ्यापुढं हात पसरला. म्हाताऱ्यानं कमरेचे रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले.

मास्तर फार लांब गेले नव्हते. मी हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. माझी जागा त्याच महिन्यात पक्की झाली होती. मी हाक मारली नाही.